आर्मीतून मुदतीआधी घरी यायचा विचार असेल तर आधी इथे जाऊन या : माजी सैनिक मार्गदर्शन केंद्राचा रिव्ह्यू

रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते शेवटी लिहिलंय, पण ज्यांच्या घरातला माणूस "ओन रिक्वेस्ट" वर, म्हणजे स्वतःच्या अर्जाने मुदतीआधी, डिस्चार्ज घ्यायचं म्हणतोय त्यांनी निदान मधला भाग तरी नीट वाचा, कारण आमचं घर थोडक्यात वाचलंय.

आमच्या तालुक्याच्या गावात एका पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर रिटायर झालेले काही जेसीओ (सुभेदार वगैरे) आणि हवालदार मिळून हे केंद्र चालवतात. सरकारी ऑफिस नाही, एजंटचं दुकान नाही, फी नाही. नाव आणि पत्ता टाकत नाहीये कारण त्यांनीच नको सांगितलंय, दोन-तीन म्हातारी माणसं आहेत, गर्दी झेपत नाही त्यांना. पण सांगली-कोल्हापूर-सातारा पट्ट्यात अशी माणसं बऱ्याच गावांत आहेत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी केली की कोणीतरी पत्ता सांगतं. तर तिथे गेल्यावर काय मिळतं आणि काय विचारायचं हे कळावं म्हणून लिहितेय.

आमचे मिस्टर तोफखान्यात नायक होते. मामंजींना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू पूर्ण गेली, घरात सासूबाई, मी आणि दोन पोरं, दीर नाहीत, नणंद लांब दिलेली. रात्री मामंजींना कुशीवर वळवायचं म्हटलं तरी दोन माणसं लागायची आणि सासूबाईंच्या गुडघ्यांनी केव्हाच साथ सोडलेली. गावात जो येईल तो एकच सांगायचा, त्याला म्हणावं नाव कापून ये, झाली की एवढी नोकरी. मिस्टरांच्याही मनाने तेच घेतलं. तेव्हा त्यांची चौदा वर्षं होऊन वर काही महिने झाले होते. हे चौदा लक्षात ठेवा.

त्याच वेळी एका "पेन्शन कन्सल्टंट" चा नंबर कोणीतरी दिला. तो फोनवर म्हणाला अर्ज टाकून द्या, बाकी सगळं मी बघतो, आणि अर्धे पैसे आधी पाठवा. सर्व्हिस किती झाली हे त्याने विचारलंसुद्धा नाही. मला तिथेच खटकलं. मग माहेरच्या एका चुलत्यांनी या केंद्राचं सांगितलं आणि मिस्टर सुट्टीवर आल्या आल्या आम्ही दोघं गेलो.

तिथे जे सुभेदार साहेब बसतात ते नोकरीभर क्लार्क ट्रेडला होते, म्हणजे आयुष्य कागदात गेलेलं. त्यांनी चहा सांगितला आणि पहिलाच प्रश्न केला, "पोरा, सर्व्हिस किती?" मिस्टर म्हणाले साहेब चौदा पूर्ण. तर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, अर्ज टाकला नाही ना अजून?" नाही म्हटल्यावर त्यांनी एक कोरा कागद ओढला, मधून उभी रेघ मारली, डाव्या बाजूला लिहिलं १५ च्या आत, उजव्या बाजूला १५ च्या पुढे, आणि एकेक गोष्ट भरत गेले. तो कागद अजून माझ्या फाईलला आहे. त्यात जे होतं तेच इथे देते.

जवान, एनसीओ (नायक, हवालदार), जेसीओ यांना सर्व्हिस पेन्शनसाठी कमीत कमी १५ वर्षांची क्वालिफाइंग सर्व्हिस, म्हणजे पेन्शनला धरली जाणारी नोकरी, लागते, ऑफिसरांना २० वर्षं. पंधराच्या आत स्वतःच्या अर्जाने बाहेर पडलात तर महिन्याची पेन्शन नाही. सर्व्हिस ग्रॅच्युइटी मिळते, दर पूर्ण सहा महिन्यांमागे अर्ध्या महिन्याचा पगार या हिशोबाने, शिवाय रिटायरमेंट ग्रॅच्युइटी, स्वतःचा फंड, ग्रुप इन्शुरन्सचे पैसे, शिल्लक रजेचे पैसे. एकदम हातात येतात म्हणून रक्कम मोठी वाटते. पण ती एकदाच.

दुसरी गोष्ट तर आम्हाला दोघांनाही माहीत नव्हती. पंधराच्या आत ओन रिक्वेस्टवर आलेला माणूस सरकारी व्याख्येत "माजी सैनिक" च धरत नाहीत. स्वतःच्या अर्जावर आलेल्याला माजी सैनिकाचा दर्जा मिळतो तो पेन्शन कमावून आला असेल तरच. म्हणजे चौदा वर्षं सीमेवर काढली तरी ओळखपत्र नाही, नोकरीतलं आरक्षण नाही. केंद्र सरकारच्या ग्रुप सी मध्ये माजी सैनिकांना १० टक्के, बँकांत क्लार्कला साडेचौदा टक्के आणि शिपाई वर्गाला साडेचोवीस टक्के जागा असतात, वयात सर्व्हिसची सगळी वर्षं अधिक तीन वर्षं सूट असते, ते सगळं जातं. दहावी पास जवानाला १५ वर्षं सर्व्हिसवर ग्रॅज्युएशनच्या बरोबरीचं सर्टिफिकेट मिळतं, ग्रुप सी च्या पोस्टसाठी ते चालतं, तेही जातं.

आणि तिसरी गोष्ट ईसीएचएस. माजी सैनिकांची उपचार योजना, २००३ पासून चालू आहे. ती मुख्यतः पेन्शनरसाठी आहे. नोकरीत असताना मामंजी डिपेंडंट म्हणून मिलिटरी हॉस्पिटलला दाखवू शकत होतो. नाव कापलं की ते बंद. पेन्शन असेल तर ईसीएचएस कार्डावर आईवडील पण बसतात, फक्त त्यांचं सगळीकडचं मिळून उत्पन्न महिन्याला ९,००० अधिक महागाई भत्ता याच्या आत पाहिजे. म्हणजे बघा, ज्या वडलांच्या आजारासाठी हा माणूस नोकरी सोडून येणार होता, त्याच वडलांचा इलाज नोकरी सोडल्याने बंद होणार होता. साहेबांनी हे बोलून नाही दाखवलं, कागदावर "वडील" लिहून डाव्या रकान्यात फुली मारली आणि उजव्या रकान्यात बरोबरची खूण केली. मिस्टर तो कागद बराच वेळ बघत बसले होते.

गावात सल्ला देणारे सगळे मायेने देत होते हे मला मान्य आहे, कोणी वाईट चिंतत नव्हतं, पण यातलं एक अक्षर कोणाला माहीत नव्हतं. म्हणून मी या केंद्राला एवढं मानते.

बरं मग पंधरा होईपर्यंत काय करायचं, घरात तर माणूस पडलेला. यावर पण त्यांनी नुसतं "थांबा" नाही म्हटलं. वर्षाची ६० दिवस अॅन्युअल लीव्ह आणि ३० दिवस कॅज्युअल असते ती कशी तोडून घ्यायची, कंपॅशनेट ग्राउंडवर (घरच्या अडचणीमुळे) घराजवळ पोस्टिंग मागता येते त्याला कोणते कागद लागतात, हॉस्पिटलची फाईल, अपंगत्वाचा दाखला, घरात दुसरा कर्ता पुरुष नाही याचा दाखला, हे सगळं समजावलं. आणि अर्ज मराठीत-हिंदीत कसाही भावनेने लिहू नका, तारखा आणि कागद जोडा, बॅटरी कमांडरला (तोफखान्यातल्या तुकडीचे साहेब) वरती पाठवायला आधार पाहिजे असतो, असं सांगितलं. आम्हाला जवळची पोस्टिंग काही मिळाली नाही, पण सुट्टी मिळत गेली, आणि युनिटचे साहेब लोक समजून घेणारे निघाले, हे नशीब. मधले महिने माझे आणि सासूबाईंचे कसे गेले ते इथे लिहीत नाही.

अजून एक बारीक गोष्ट जी कन्सल्टंटने आयुष्यात विचारली नसती. साहेब म्हणाले पंधरा वर्षं भरतीच्या तारखेपासून कॅलेंडरवर मोजू नका, शीट रोलमध्ये (जवानाच्या नोकरीच्या नोंदींचा कागद) नॉन क्वालिफाइंग दिवस आहेत का ते आधी बघा. विनारजा गैरहजर राहिलेले दिवस, शिक्षेचे दिवस हे पेन्शनच्या सर्व्हिसमधून वजा होतात. मिस्टरांचं रेकॉर्ड साफ होतं पण २०१९ च्या ऑगस्टच्या महापुरात आमचे सगळे रस्ते बंद होते, कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना आठवत असेल, तेव्हा ते सुट्टीवरून उशिरा पोचले होते. ते दिवस रजेत रेग्युलराइज झाले होते की गैरहजेरी लागली होती हे कोणालाच आठवेना. युनिटच्या क्लार्ककडून बघून घेतलं, रजेत धरले होते. तेव्हा कुठे माझा जीव खाली आला. आणि थोडे महिने कमी पडले तर माफ होतात असं जे लोक सांगतात ना, त्यावर ओन रिक्वेस्टवाल्याने अजिबात राहू नये. कमी पडलेली सर्व्हिस माफ करायची तरतूद आहे, १२ महिन्यांपर्यंत, पण पेन्शनच्या नियमात स्वतःच्या अर्जावर जाणाऱ्यांना त्यातून वगळलेलं आहे. मग लोक ट्रिब्युनलमध्ये भांडत बसतात, वर्षं जातात. त्यापेक्षा पंधराच्या वर सरळ दोन-चार महिने जास्त काढा, हा त्यांचा सल्ला आणि आता माझाही.

पंधरा झाल्यावर परत गेलो. आता अर्ज. इथे बऱ्याच बायकांना वाटतं (मलाही विचारतात) की अर्ज दिला म्हणजे युनिटला माणूस सोडावाच लागतो. तसं नाहीये. आर्मी रूल्स १९५४ चा रूल १३ आहे, त्यात जवानाला करार पूर्ण व्हायच्या आधी स्वतःच्या अर्जावर सोडायचा अधिकार कमांडिंग ऑफिसरला आहे, पण अर्ज मंजूर करणं योग्य आहे आणि युनिटची संख्या त्यामुळे फार कमी होणार नाही अशी त्यांची खात्री पटली तरच. म्हणजे हा हक्क नाही, विनंती आहे. बीएचएम (बॅटरी हवालदार मेजर), सीनियर जेसीओ, बॅटरी कमांडर, मग सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांसमोर पेशी, मग रेकॉर्ड ऑफिस अशी वाट आहे. साहेबांनी एक गोष्ट दोनदा बजावली, की मंजुरी येऊन डिस्चार्जची तारीख पडल्यावर "नको, राहतो" म्हणणं फार कठीण जातं, तेव्हा सही करायच्या आधी नवरा-बायकोने एकत्र बसून ठरवा. मला हे आवडलं की ते प्रत्येक वेळी मला पण विचारायचे, ताई तुमचं काय म्हणणं. बाकी सगळीकडे माझ्या डोक्यावरून बोलणं चालतं.

आता पंधराच्या पुढे गेलं म्हणजे सगळं गोड असं नाही, आणि तेही त्यांनी लपवलं नाही. वन रँक वन पेन्शन, म्हणजे ओआरओपी. ७ नोव्हेंबर २०१५ च्या सरकारी पत्राप्रमाणे त्यानंतर स्वतःच्या अर्जावर डिस्चार्ज घेणाऱ्यांना ओआरओपी नाही. पुढे २०२२ च्या डिसेंबरात १ जुलै २०१९ पासूनची सुधारणा जाहीर झाली त्यातही १ जुलै २०१४ नंतर प्रीमॅच्युअर आलेले वगळलेले आहेत. साध्या भाषेत, आमच्या मिस्टरांबरोबर भरती झालेला नायक आपल्या रँकची कलर सर्व्हिस (ठरलेली पूर्ण नोकरी) करून आला तर त्याची पेन्शन दर पाच वर्षांनी नवीन रिटायर होणाऱ्यांच्या बरोबरीने वर सरकणार, आमची तशी सरकणार नाही. महागाई भत्ता मिळत राहील, पे कमिशन आलं तर त्याचं मिळेल, ओआरओपीचं नाही. हा तोटा कायमचा आहे आणि माझं स्पष्ट मत आहे की घरच्या आजारपणासाठी आलेल्या माणसाला यातून सूट पाहिजे होती, जो धंदा टाकायला आला आणि जो बापाला उचलायला आला दोघं एकाच रकान्यात बसतात हे बरोबर नाही. पण नियम आहे तो आहे. आम्ही तो मान्य करून सही केली, माहीत असून केली, त्यामुळे आता मनात सल नाही.

पेन्शनचं गणित पण तिथेच करून घेतलं. शेवटच्या पगारातलं बेसिक आणि ५,२०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे वगैरे मिळून जे होतं त्याचं निम्मं. समजा बेसिक ३५,००० असेल तर ४०,२०० चं निम्मं २०,१००, वर महागाई भत्ता. (हे उदाहरण आहे, आमचा आकडा नाही.) त्यातली निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते, म्हणजे कम्युटेशन, एकरकमी पैसे मिळतात आणि १५ वर्षं तेवढी पेन्शन कमी येते, मग परत पूर्ण होते. महागाई भत्ता मात्र पूर्ण पेन्शनवरच मिळतो, कापलेल्यावर नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. यात सुभेदार साहेब "हे करा" असं म्हणत नाहीत, दोन्ही आकडे लिहून देतात. आमच्या ओळखीत एकाने पूर्ण पन्नास टक्के विकून गाडी घेतली, आता घर चालवायला ओढाताण आहे. घरात आजारी माणूस असेल तर महिन्याला येणारा पैसा जास्त कामाचा, हे माझं मत.

आता माझ्या नावाचा किस्सा, हा खास आपल्याकडच्या बायकांसाठी. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून त्यावर नवीन नाव लिहितात. मी माहेरची सुरेखा, सासरी स्वाती. आधार माहेरीच काढलेलं, त्यावर सुरेखा आणि वडलांचं नाव. लग्नानंतर मिस्टरांनी युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर (लग्न, मुलं अशा घरच्या गोष्टींची अधिकृत नोंद) करून घेतली ती लग्नपत्रिकेप्रमाणे स्वातीच्या नावाने. बँकेत जॉइंट अकाउंट तिसऱ्याच स्पेलिंगचं. मुलाच्या जन्माच्या दाखल्यावर आई स्वाती, शाळेत आई सुरेखा. साहेबांनी सगळे कागद टेबलावर पसरून ओळीने लावले आणि पेन्सिलीने गोल करत गेले, मला लाजच वाटायला लागली पण ते म्हणाले, "ताई, दहातल्या सात घरांत हेच आहे." पेन्शन आता संरक्षण खात्याच्या स्पर्श पोर्टलवरून येते, प्रयागराजच्या ऑफिसमधून, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) सुद्धा तिथेच दिसतो, आणि त्यात बायकोचं नाव फॅमिली पेन्शनसाठी चढतं. ते आधारशी जुळलं नाही तर नवरा असेपर्यंत काही कळत नाही, तो गेल्यावर बायको दारोदार फिरते. नोकरीत असताना पार्ट टू ऑर्डर दुरुस्त करणं सोपं, सगळं युनिटच्या क्लार्ककडे असतं. डिस्चार्ज झाल्यावर तेच काम पत्रव्यवहाराने करायचं. आम्ही नावबदलाचं गॅझेट करून, प्रतिज्ञापत्र करून, आधार आणि पॅन स्वाती करून घेतलं, मुलांचे दाखले केले, मुलीची जन्मतारीख पण पार्ट टू मध्ये एका दिवसाने चुकलेली सापडली, आणि हे सगळं डिस्चार्जच्या आधी. पीपीओ आला तेव्हा माझं नाव, जन्मतारीख, सगळं तंतोतंत. एका ओळीची दुरुस्ती लागली नाही. या एका कामासाठी मी त्यांना पाच स्टार दिले असते.

मेडिकल बोर्डाबद्दल पण सांगते. डिस्चार्जच्या आधी रिलीज मेडिकल बोर्ड होतो. जवानांची सवय असते सगळं ठीक आहे साहेब म्हणायची, मेडिकल कॅटेगरी खाली जाईल म्हणून नोकरीभर दुखणं दाबून ठेवतात. तोफेवर काम केलेल्या माणसाच्या कानाचं काय होतं ते घरच्यांना माहीत असतं, टीव्ही किती मोठा लावतात त्यावरून. केंद्रातल्या लोकांनी सांगितलं की बोर्डासमोर जे आहे ते सांगायचं, वाढवून नाही आणि लपवून नाही. ओन रिक्वेस्टवर आलं म्हणून अपंगत्वाचा हक्क आपोआप जात नाही, १ जानेवारी २००६ नंतर स्वतःहून आलेल्यांनाही नोकरीमुळे झालेल्या अपंगत्वाचा लाभ मिळायची तरतूद झालेली आहे, मात्र कमीत कमी २० टक्के अपंगत्वाची अट असते आणि ते नोकरीमुळे झालं असं बोर्डाने मानावं लागतं. सप्टेंबर २०२३ पासून या सगळ्याचे नवीन नियम आलेत, त्यामुळे जुन्या माणसाने "मला अमुक मिळालं" सांगितलं तर तेवढ्यावर जाऊ नका.

डिस्चार्जच्या दिवशी जे सर्टिफिकेट मिळतं ते वाचून घ्या. आर्मी अॅक्ट १९५० च्या कलम २३ प्रमाणे ते जवानाच्या मातृभाषेत आणि इंग्रजीत दोन्हीत द्यायचं असतं, कोणाच्या अधिकाराने सोडलं, का सोडलं आणि एकूण सर्व्हिस किती, या तीन गोष्टी त्यात असतात. पुढे सिक्युरिटीची नोकरी असो, बँकेचा फॉर्म असो, सगळीकडे तोच कागद मागतात. तीन-चार ट्रू कॉपी करून ठेवा आणि मूळ कागद लॅमिनेट करू नका, काही ठिकाणी लॅमिनेट केलेलं घेत नाहीत.

घरी आल्यावरची कामं त्यांनी एका कागदावर क्रमाने लिहून दिली होती, सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी आणि ओळखपत्र, ईसीएचएसचं ऑनलाइन कार्ड (हवालदारापर्यंत एकदाच ३०,००० वर्गणी, ती पेन्शनच्या पैशातूनच वळती होते), कॅन्टीन कार्ड, आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला, तो आता जीवन प्रमाण अॅपवर मोबाइलसमोर चेहरा धरून घरबसल्या होतो. यातलं काहीच अवघड नाही गेलं म्हणून लांबण लावत नाही.

अग्निवीरांच्या आईवडलांसाठी दोन ओळी, कारण आम्ही बसलेलो असताना एक जोडपं रडवेलं होऊन आलं होतं, पोराला परत यायचंय म्हणून. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांच्या आत स्वतःच्या मर्जीने सोडता येत नाही, अगदीच अपवादात्मक कारण असेल आणि वरून मंजुरी मिळाली तरच, आणि तसं आला तर सेवा निधीत (चार वर्षांनी मिळणारी एकरकमी रक्कम) पोराने स्वतः भरलेला वाटा आणि त्याचं व्याज एवढंच मिळतं, सरकारचा वाटा नाही. सुभेदार साहेबांनी त्या बाईंना ओरडून वगैरे काही सांगितलं नाही, पोराला फोन लावायला लावला आणि त्याच्याशीच बराच वेळ बोलले, काय त्रास आहे, कोणाशी बोललास, सीनियर जेसीओला सांगितलंस का. ते बाहेर पडले तेव्हा बाईंचा चेहरा थोडा सुटला होता. हे काम पोर्टल करू शकत नाही.

आता अर्धा स्टार का कापला.

जिना. उभा, अरुंद, कठडा एकाच बाजूला. येणाऱ्यांत निम्मे सत्तरीचे आणि कोणाचा पाय कृत्रिम, कोणाचे गुडघे गेलेले, वीरपत्नी म्हाताऱ्या झालेल्या. खाली पतसंस्थेत एक टेबल मागून आठवड्यातून एक दिवस तरी खाली बसावं असं मी त्यांना बोलले पण आहे. बायकांसाठी टॉयलेट नाही, लांबून आलेल्या बाईला फार अडचण होते. फोन उचलत नाहीत, सकाळच्या वेळेतच उघडं असतं आणि बाजाराच्या दिवशी इतकी गर्दी की नंबर कोणाचा हेच कळत नाही, एक वही ठेवून नावं लिहिली तरी पुरे. आणि तिथले दुसरे एक काका आहेत ते मनाने चांगले पण त्यांची माहिती जुनी आहे, अपंगत्वाचं त्यांनी आधी आम्हाला जुन्या नियमाने सांगितलं होतं, साहेबांनी नंतर सुधारलं. तेव्हा जमलं तर क्लार्क ट्रेडचे जे साहेब आहेत त्यांनाच भेटा.

पैसे खरंच घेत नाहीत. आम्ही पीपीओ आल्यावर पाकीट घेऊन गेलो तर परत केलं आणि म्हणाले द्यायचं तर झेरॉक्स मशिनला कागदाचं रिम आणून द्या. आणलं.

जाताना न्यायचे कागद, म्हणजे हेलपाटा पडणार नाही : भरतीची तारीख आणि शीट रोलवरच्या नोंदी (फोटो काढून आणायला सांगा, परवानगी नसेल तर युनिटच्या क्लार्ककडून लिहून), नवरा-बायको आणि मुलांची आधार कार्डं, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, शेवटची पगाराची स्लिप, आजारपणाचं कारण असेल तर हॉस्पिटलची पूर्ण फाईल. आणि चौदा वर्षं झालेला कोणी "येतो आता घरी" म्हणत असेल तर बाकी काही नाही जमलं तरी त्याला अर्ज द्यायच्या आधी एवढंच विचारायला लावा, माझी क्वालिफाइंग सर्व्हिस १५ कुठल्या तारखेला पूर्ण होते, आणि ते उत्तर युनिटच्या क्लार्ककडून लेखी घ्या, तोंडी नको.